शब्दचर्चा : सर्पिल, लंबवर्तुळाकार, लंबगोल

प्रश्न : देवयानी दीर्घिका (म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड समूह; मेसिए यांच्या यादीत एम ३१) छोट्या दुर्बिणीतून लांबट, धूसर डागासारखी दिसते. पुस्तकात मात्र ती 'सर्पिल'. उलट कन्या राशीतली एम ८७ चांगली गोल दिसते आणि तिला म्हणायचं 'लंबवर्तुळाकार'! हे शब्द लावतात तरी कशावरून? आणि 'सर्पिल'ऐवजी 'नागमोडी' चालेल का?

– नागमोडी नको. नागमोडी वाट डावीउजवीकडे वळत पुढे जाते. इथे गाभ्यापासून निघून उलगडत जाणाऱ्या भुजांचं वेटोळं अपेक्षित आहे. साप दोन्ही शब्दांत आहे. एकात तो चालतोय, दुसऱ्यात वेटोळं घालून बसलाय. 'चक्राकार'ही कधीकधी वाचायला मिळतं, पण त्यात भुजा कुठेच येत नाहीत.

हे शब्द दीर्घिकेच्या रचनेवरून लावलेत, दिसण्यावरून नाही. देवयानी म्हणजे चपटी तबकडी. ती आपल्याला बरीचशी कडेने दिसते, म्हणून लांबट. शिवाय छोट्या दुर्बिणीत मुख्यतः गाभ्याचा उजेडच जाणवतो, भुजा छायाचित्रात उमटतात. दीर्घिकेची सर्पिल रचना पहिल्यांदा ओळखली खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांनी, १८४५ मध्ये, आयर्लंडमधल्या ७२ इंची दुर्बिणीतून. आणि तीही एम ५१ मध्ये, कारण ती समोरून दिसते. तेव्हा अशा सगळ्या धूसर डागांना 'तेजोमेघ' (आकाशातले उजळ ढग) म्हणत. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी दाखवलं ते १९२० च्या दशकात.

– 'दिसण्यावरून नाही' हे सर्पिलला लागू. लंबवर्तुळाकारचं उलट आहे. हबल यांच्या वर्गीकरणात या दीर्घिकांना ई० ते ई७ अशा पायऱ्या आहेत. ई० गोल, ई७ सर्वांत चपटी, आणि हा आकडा निव्वळ दिसण्यावरून ठरतो. लांबुळकी दीर्घिका टोकाकडून पाहिली तर ती गोलच दिसणार! एम ८७ ई० च्या जवळपास आहे. भूमितीत वर्तुळ हे लंबवर्तुळाचंच खास रूप, त्यामुळे नाव चुकत नाही.

माझं मत विचाराल तर 'लंबगोल' जास्त बरा. लंबवर्तुळ ही कागदावरची सपाट आकृती, दीर्घिका तर घन. पण पाठ्यपुस्तकं लंबवर्तुळाकारच म्हणतात, परिभाषेत 'विवृत्ताकार'ही सापडतो. 'दीर्घवर्तुळाकार दीर्घिका' एवढं मात्र लिहू नका, जीभ अडखळते.

– दीर्घिकेचा प्रकार ओळखताना नुसत्या आकारावर फार विसंबू नये. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत बहुतेक तारे म्हातारे, तांबूस; थंड वायू आणि धूळ थोडी. सर्पिलच्या भुजांत वायू भरपूर, म्हणून तिथे नवे निळसर तारे जन्मतात.

जाता जाता : बातम्यांत 'अब्जावधी आकाशगंगा' छापतात ते खटकतं. आकाशगंगा आपली, एकच. बाकीच्या दीर्घिका. गंमत म्हणजे संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं किंवा विहीर. म्हणजे आपल्या वाट्याला नदी आणि इतरांना तळी!

– हो, पण 'आपली आकाशगंगाही एक सर्पिल दीर्घिकाच' हे वाक्य तेवढ्याने चुकीचं ठरत नाही. एक विशेषनाम, दुसरं सामान्यनाम.