अल्फा या मॉडेल रॉकेटचा फिन (शेपटीचं पातं) कागदासकट उखडला, ट्यूबलाही चीर. ट्यूब बदलावी का?

बाल्सावाला: एस्टेस कंपनीचं अल्फा, अंगाला कागदाची बीटी-५० ट्यूब, बाल्सा लाकडाचे फिन, बी६-४ मोटर. पॅराशूट उघडलं, पण रॉकेट डांबरावर आपटलं. एक फिन निघाला, त्याला ट्यूबचा कागद चिकटून आलाय. शिवाय शॉक कॉर्डने (ट्यूब आणि नोज कोन, म्हणजे टोकदार टोपी, जोडणाऱ्या दोरीने) ट्यूबचं तोंड दीड सेंमी चिरलंय. एवढ्यासाठी ट्यूब बदलू का?

सांधा_पक्का: अजिबात नको. गोंद चांगलाच धरला होता, सुटला तो ट्यूबवरचा चकचकीत थर. फिन लावण्याआधी तो २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून निस्तेज करायचा असतो.

आता उसवलेल्या तंतूंवर थोडं पाणी घातलेला वुड ग्लू बोटाने फिरवा, रात्रभर सुकू द्या, मग घासून सपाट करा. फिनच्या बुडाचा कागद आणि जुना गोंद बाल्सा दिसेपर्यंत काढा. बुडाला पातळ गोंद लावा, ट्यूबवर टेकवून लगेच उचला. चारेक मिनिटांनी दुसरा पातळ हात देऊन पक्का दाबा. दुसऱ्या हाताला पकड जवळजवळ लगेच येते, त्यामुळे दाबण्याआधी फिन सरळ आहे ना ते पाहा. सांध्याच्या कडेला गोंदाची गोलाई भरायची ती दोन पातळ हातांत, रॉकेट आडवं ठेवून. एकदम जाड भरली तर सुकताना आकसते, बुडबुडेही धरतात.

नोजकोन: ट्यूबचं तोंड कापू नका. लांबी घटली की गुरुत्वमध्य शेपटीकडे सरकतो, मग रॉकेट सरळ उडेलच असं नाही. नोज कोनच्या खांद्याला (ट्यूबमध्ये शिरणाऱ्या भागाला) प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळून तो ट्यूबमध्ये बसवा, म्हणजे तोंड गोल राहील. चीर जुळवा, कडांना पातळ सुपरग्लू पाजा, वरून टिश्यू पेपरचा एक वेढा वुड ग्लूने द्या. खांदा नंतर घट्ट बसला तर खांदा घासा, ट्यूब नको.

चीर पडली म्हणजे पॅराशूट निघताना रॉकेट वेगात होतं. लाँच रॉड (रॉकेट जिच्यावरून सुटतं ती सळई) तिरका होता का? वाऱ्यात रॉकेट तोंड फिरवून आडवं पळालं तरी असंच होतं. आणि कॉर्ड रॉकेटच्या तिप्पट, म्हणजे ९० सेंमी तरी हवी. किटमधली आखूड पडते.

बाल्सावाला: वारा होताच. रंग पुन्हा पूर्ण मारू का?

सांधा_पक्का: फक्त दुरुस्तीपुरता मारा, तोही जुन्याच कंपनीचा. एनॅमल रंगावर लॅकर जातीचा रंग मारलात तर जुना रंग सुरकुततो. सुकल्यावर मोटर आणि पॅराशूट भरून तोलबिंदूवर दोरी बांधा, डोक्यावर गरगर फिरवा. नोज पुढे राहिलं तर उडवा, नाहीतर आधी नोजमध्ये थोडी क्ले भरा.