हिरोशिगेच्या मांजरामागची खोली

चित्रवेल्हाळ (प्रश्न):
जपानी ठसाचित्रकार उतागावा हिरोशिगे याच्या ‘एदोतील (आजच्या टोकियोतील) शंभर प्रसिद्ध दृश्ये’ या मालिकेतील १८५७ सालचे एक ठसाचित्र पाहत होतो. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेले पांढरे मांजर गजांतून बाहेर पाहत आहे. बाहेर एदोच्या आसाकुसा भागातील भातशेते आणि दूरवर फुजी पर्वत आहे. खोलीत एकही माणूस दिसत नाही. कट्ट्यावरचे पाण्याचे भांडे व टॉवेल आणि जमिनीवर कागदात ठेवलेल्या केसांत खोवायच्या काड्या मात्र फार निगुतीने काढल्या आहेत. त्या काळच्या प्रेक्षकाला या वस्तूंतून काही कळत असे, की त्या केवळ जागा भरण्यासाठी आहेत?

जुनी वही:
कळत असे, आणि तोच या चित्राचा खरा विषय आहे. ही खोली योशिवारा या सरकारमान्य वेश्यावस्तीतील आहे. काड्यांची टोके नीट पाहा, त्यांना दाताळ्याचा आकार आहे. तोरीच्या, म्हणजे पंचांगातील ‘कोंबड्याच्या दिवशी’ भरणाऱ्या, जत्रेत विकले जाणारे दाताळे हे धन आणि भाग्य ओढून आणणारे मानले जाई, आणि शेतांतून दिसणारी माणसांची बारीक रांग त्याच जत्रेची आहे. म्हणजे गिऱ्हाईक जत्रा करून, भेट घेऊन आलेले आहे. डाव्या बाजूला आडोशाची कड आणि कागदाची गुंडाळी दिसते. तेवढ्यावर पुढचे सांगण्याची गरज चित्रकाराला वाटलेली नाही.

ठसेवाला:
वस्तूंनी थेट नाव सांगितल्याचेही उदाहरण आहे. वेश्यांखेरीज इतर स्त्रियांची नावे चित्रांवर छापण्यास १७९३ मध्ये बंदी आली, तेव्हा उतामारो या ठसाचित्रकाराने आसाकुसाच्या चहागृहातील प्रसिद्ध ओकिताच्या चित्रात नावाऐवजी एक कोडे घातले: भाजीच्या दोन जुड्या, बाण, खुला समुद्र आणि भातशेत. जपानीत भाजीला ‘ना’, दोनाला ‘नि’, जुडीला ‘वा’, बाणाला ‘या’, खुल्या समुद्राला ‘ओकि’ आणि शेताला ‘ता’. सलग वाचले की चहागृहासकट ‘नानिवाया ओकिता’. पुढे १७९६ मध्ये अशा कोड्यांवरही बंदी आली, यावरून ती किती सहज सुटत असावीत हे लक्षात येते.

सावकाश:
वरील दोन्ही प्रतिसाद मान्य आहेत, तरी प्रत्येक वस्तू ही ओळखपत्रच असते असे समजू नये. ओबीची (किमोनोच्या कमरपट्ट्याची) गाठ पुढे असेल तर वेश्या, काळे दात आणि काढलेल्या भुवया असतील तर सामान्यतः विवाहिता, हे वाचन बव्हंशी बरोबर ठरते. परंतु हारुनोबू या आधीच्या ठसाचित्रकाराने १७६६ च्या सुमारास केलेल्या ‘दिवाणखान्यातील आठ दृश्ये’ या मालिकेत मौज निराळीच आहे. चिनी चित्र-काव्यपरंपरेतील आठ निसर्गदृश्ये त्याने घरात आणली: देवळाच्या सांजघंटेच्या जागी घड्याळाचे ठोके, शरदाच्या चंद्राच्या जागी गोल आरसा, परतणाऱ्या शिडांच्या जागी दांडीवर वाळणारे टॉवेल. घरात घड्याळ असणे हे तेव्हा श्रीमंतीचे लक्षण होते हे खरे, पण ते पाहून जुनी कविता आठवली नाही तर अर्धे चित्र हातून निसटले.

चित्रवेल्हाळ:
सर्वांचा आभारी आहे. कट्ट्यावरचे भांडे मी आजवर मांजराच्या दुधाचे समजत होतो.

जुनी वही:
ते चूळ भरण्याचे आहे. मांजराचा या प्रकरणाशी संबंध इतकाच, की त्याला खोलीबाहेर कोणी काढलेले नाही.