करमळीचं तळं: कधी, कसं बघावं?

प्रश्न: रविवारी पणजीहून करमळीला यायचंय. तळ्यासोबत आणखी काय बघता येईल?

उत्तर १: तळं करमळी स्टेशनच्या अगदी शेजारी. पक्षी बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, तेही सकाळी सातच्या आत. दुपारी पाण्यावरची हवा थरथरते, दुर्बिणीतून पिसांचे रंगच कळत नाहीत. अडई (शीळ घालणारी बदकं) थव्याने दिसतात. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवर भार विभागून चालतो, ते जरूर पाहा. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. बांधावरून खाली उतरू नका, चिखल खोल असतो.

उत्तर २: ब्रह्मदेवाचं देऊळ इथं शोधू नका हं! पोर्तुगीज काळात इथली ब्रह्मदेवाची मूर्ती सत्तरी तालुक्यात नेली, ते गाव आज ब्रह्माकरमळी. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. जुनं गोवं मात्र जवळच.