मदत हवी आहे: दोघंही मिटवायला तयार, पण कलम ३२४ मुळे केस मिटत नाही

२०१७ साली बांधावरून वडिलांचं आणि चुलतकाकांचं भांडण झालं. झटापटीत काकांच्या हाताला खुरपं लागलं. फिर्याद झाली, भारतीय दंड संहितेची कलमं ३२३ (मारहाण), ३२४ (हत्यारानं दुखापत), ५०४ (अपमान), ५०६ (धमकी). केस सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात आहे. वडील आता ७१ वर्षांचे, गुडघे पार गेलेत.

आठ वर्षं उलटली, साक्षीदार तपासले दोन. एक पंच वारले, तपासी अंमलदारांची बदली झाली, त्यांचं समन्स दरवेळी बजावणीविना परत येतं. पहाटेची एसटी धरायची, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात थांबायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं. वकिलांची फी तारखेगणिक. एकदा तापामुळे वडील गेले नाहीत तर वॉरंट निघालं, ते रद्द करायला पुन्हा पैसे. ज्या बांधावरून हे झालं तो दीड हात रुंद आहे.

दिवाळीत काका स्वतः घरी आले. दोघं बोलले, रडले, मिटवायचं ठरलं. आशेनं लोकअदालतीत गेलो तर म्हणाले, बाकीची कलमं तडजोडीनं मिटतील, ३२४ नाही. पूर्वी मिटायचं, कायद्याच्या दुरुस्तीत ते काढलं. ज्याला लागलं तोच मिटवा म्हणतोय, मग अडतंय कुठे?

उच्च न्यायालयात संमतीनं रद्द होतं म्हणे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे, म्हणजे मुंबईची वारी टळेल. काकांनाही यावं लागेल का? आणि तोवर वडिलांची दर तारखेची हजेरी टाळता येईल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, होतं. ज्ञान सिंग खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की वाद खासगी असेल आणि खरोखर मिटला असेल, तर तडजोडीत न बसणारा गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकतं. खून-बलात्कारासारखे गुन्हे सोडून. काकांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागेल. स्वखुशीनं दिलंय का, हे कोर्ट बहुधा त्यांनाच विचारतं, त्यामुळे त्यांची यायची तयारी ठेवा. फी तारखेवर नको, पूर्ण कामाची एकरकमी ठरवा.

तुमचा खटला १ जुलै २०२४ च्या आधीचा, त्याला जुनीच फौजदारी प्रक्रिया संहिता लागू. तिच्या कलम ३१७ खाली हजेरी माफीचा अर्ज द्या, सोबत गुडघ्यांचा वैद्यकीय दाखला जोडा. वकील हजर असले की कोर्ट माफी देऊ शकतं. कुणी 'प्ली बार्गेनिंग' (कमी शिक्षेच्या बदल्यात कबुली) सुचवलं तर घाईनं सही करू नका, त्यात गुन्हा कबूल करावा लागतो. काकांची साक्ष झालीय का, तेवढं कळवा.