नाईट शिफ्ट, घोरणं आणि झोपेची गोळी: कुठल्या डॉक्टरकडे जावं?

नमस्कार मंडळी,

आमचा दादा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत फर्नेसवर (भट्टीवर) आहे. दर आठवड्याला पाळी बदलते, तीही उलटी. नाईट झाली की सेकंड, मग फर्स्ट, परत नाईट. घर वडगावात, भिंतीपलीकडे माग. नाईट करून येतो, चहा-भाकरी खाऊन आडवा होतो, तोवर खडखड सुरू. वहिनीने खिडकीला काळी घोंगडी ठोकलीय, तरी दुपारी बाराला डोळे टक्क उघडे. आणि सुट्टीदिवशी जेवताना घास हातात धरून पेंगतो.

थोडं वाचलं. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं मुख्य घड्याळ असतं, ते डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर रोज जुळतं. अंधारात मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढतं, उजेड पडला की दबतं. दादा सकाळी गाडीवरून येतो तेव्हा ऊन थेट डोळ्यांवर, म्हणजे झोपायच्या तोंडावर घड्याळाला जागं व्हायचा निरोप! बहुतेकांचं हे घड्याळ 24 तासांहून किंचित लांब चालतं. म्हणून उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं, आणि फर्स्ट, सेकंड, नाईट हा सुलटा क्रम त्यातल्या त्यात सोसतो. या घड्याळाच्या जनुकांवरच्या कामाला 2017 चं नोबेलही मिळालं, पण पाळ्या लावणाऱ्या साहेबांना ते कोण सांगणार?

इथवर सगळा दोष पाळीचा वाटत होता. पण वहिनी म्हणते, घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो, छाती नुसती उचलते, मग गचका देऊन श्वास येतो. फर्स्टच्या आठवड्यात रात्री झोपला तरी तेच. बीपीची गोळी चालू आहेच. हे स्लीप ॲप्नियासारखं वाटतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा करतो, माणसाला सकाळी आठवतही नाही.

जवळच्या डॉक्टरांनी 'झोप येत नाही' एवढंच ऐकून झोपेची गोळी दिली. काही गोळ्यांनी ॲप्निया वाढतो म्हणे. फर्नेसपुढे उभं राहायचं काम, त्यामुळे धास्ती वाटते. घोरण्याचं सांगायला परत जाणार आहोतच, पण त्याआधी जाणकारांनी सांगा:

बेळगावात स्लीप स्टडी (झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी) होते का, की हुबळी-कोल्हापूर गाठावं लागेल? आधी छातीच्या डॉक्टरना दाखवायचं की कान-नाक-घशाच्या? घरी मशीन लावून होणारी तपासणी चालते का? आणि पाळीवाल्याची तपासणी नेमकी कधी करायची, फर्स्टच्या आठवड्यात रात्री की नाईटनंतर दिवसा? सीपॅपचं मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लागलंच तर ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, मिळतं का?

कुणी कंपनीकडून पाळीचा क्रम सुलटा करून घेतला असेल तर अर्ज कुणाच्या नावे दिलात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती का, तेही लिहा. दादा स्वतः काही बोलायचा नाही. 'सगळेच करतात की रे' म्हणून गप्प बसतो.