मिश्रणाच्या गणितात क्रॉस पाठ करून भागतं का?

बार्शीकर
काल भरतीच्या ग्रुपवर एका क्लासवाल्या सरांची पोस्ट फिरत होती. 'मिश्रणाला समीकरण मांडत बसणारा पोरगा कटऑफच्या खालीच राहतो. क्रॉस मारा, वजाबाकी करा, पुढचा प्रश्न घ्या.' क्रॉस म्हणजे दोन भाव वर दोन कोपऱ्यांत, मिश्रणाचा भाव मधे लिहायचा, तिरपी वजाबाकी करायची आणि खाली आलेले आकडे हेच प्रमाण. पोस्टखाली नुसते अंगठे. संताप आला म्हणून इथे सविस्तर लिहितो.

६० आणि ७५ रुपये किलोचा तांदूळ मिसळून ७७ रुपयांनी विकला, नफा १० टक्के झाला. मिसळण्याचं प्रमाण काय? क्रॉस पाठ केलेली पोरं मधे ७७ लिहितात, २ आणि १७ काढतात आणि २:१७ चा गोल काळा करतात. ६० आणि ७५ ची सरासरी ७७ येईलच कशी, हा प्रश्न पडत नाही, कारण क्रॉस म्हणजे सरासरी हे कुणी सांगितलेलंच नसतं. आधी नफा बाजूला काढायचा. ७७ ची खरेदी ७०. मग ५:१०, म्हणजे १:२.

दुसरं बघा. दोन घड्याळं प्रत्येकी ९६० ला विकली. एकावर २० टक्के नफा, दुसऱ्यावर २० टक्के तोटा. टक्के समोरासमोर ठेवणारा 'ना नफा ना तोटा' लिहून येतो. खरेदी ८०० आणि १२००, एकूण २०००. हातात आले १९२०. तोटा ४ टक्के. टक्के खरेदीवर धरायचे असतात आणि इथे दोन्ही खरेद्या सारख्या नाहीत.

क्रॉसला माझा विरोध नाही. तो येतो कुठून, हे न सांगता फी घेणाऱ्यांना आहे.

खाकी_स्वप्न
दादा, पोलीस भरतीच्या लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात. एका प्रश्नाला ५४ सेकंद. पहाटे ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका, रात्री मेसचा डबा. त्यात क्रॉसचा उगम कधी शोधू? गेल्या भरतीला माझ्या रूम पार्टनरने सगळं अंकगणित ट्रिकवरच काढलं. आज तो ट्रेनिंगला आहे आणि समीकरणवाले अजून अभ्यासिकेतच बसलेत.

फळा_खडू
एक जण लागला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. मी बरीच वर्षं अंकगणित शिकवते. ६०क + ७५ख = ७०(क + ख) एवढं एकदा फळ्यावर सोडवलं की पोरं स्वतःच १०क = ५ख वर येतात. तोच तुमचा क्रॉस. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढंच पाणी घातलं, असं तीनदा केलं, तर क्रॉस कुठे मारणार? दर वेळी नऊ दशांश दूध उरतं. ४० चे ३६, ३६ चे ३२.४, मग २९.१६ लिटर. कळलेलं असेल तर तीन ओळी, नाहीतर प्रश्न सोडून द्यायचा.

शास्त्री_रोड
मुळात हे गणित राज्यसेवेला हवंच कशाला? २०१३ ला पूर्व परीक्षेत सीसॅट, म्हणजे गणित-बुद्धिमत्तेचा कल तपासणारा पेपर, आणलं, तेव्हा माझ्यासारखी कला शाखेची पोरं मागे पडली. बऱ्याच वर्षांनी ते ३३ टक्क्यांचं पात्रतेपुरतं केलं. तोवर आमची वयं निघून गेली, त्याचा हिशोब कोण देणार?

बार्शीकर
तुमचं दुःख खरं आहे, पण त्याच्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मिश्रणाबद्दल बोलू.

गोठा_आणि_पुस्तक
मिश्रणाबद्दलच बोलतो. 'एक गवळी खरेदीच्याच भावाने दूध विकतो, तरी २५ टक्के नफा कमावतो, तर पाणी किती?' प्रत्येक पुस्तकात आमचाच बाप चोर. चार बहिणभावंडांची शिक्षणं आमच्या घरी रतिबावर झाली. शाळेत हे गणित आलं की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा.

खाकी_स्वप्न
उदाहरण आहे ते, आरोप नाही. पाणी फुकट म्हणून गणित सोपं पडतं. दूध ४, पाणी १, मिश्रणात २० टक्के पाणी. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

गोठा_आणि_पुस्तक
तुझ्या बापाला कुणी रोज चोर म्हटलंय का? मग बोलू नको. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, लागतो. उन्हाळ्यात हिरवा चारा मिळाला नाही की थेंबभर पाणी न घालताही एसएनएफ खाली जातो. दर कापतात, वर संशयाने बघतात. असं बघायला पुस्तकांनीच शिकवलंय.

शास्त्री_रोड
भेसळ होतच नाही असं म्हणायचंय का? शहरात आम्ही काय पितो ते आम्हाला विचारा.

गोठा_आणि_पुस्तक
होते. गोठ्यापासून तुमच्या पिशवीपर्यंत किती हात लागतात ते मोजा, मग नाव घ्या.

फळा_खडू
भांडण थांबवा, यांचा मुद्दा मला पटतो. दुधाचंच गणित हवं तर खरं घ्या. म्हशीचं दूध ६.५ फॅट, गाईचं ३.५. स्टँडर्ड दुधाला ४.५ फॅट हवा. किती मिसळायचं? म्हैस १, गाय २. डेअरीत असंच काढतात, तोच क्रॉस मांडून. यात चोर कुणी नाही आणि सरासरी दोघांच्या मधेच असते हेही पोराला दिसतं. पुढच्या बॅचपासून मी गवळ्याऐवजी हेच देणार आहे.

खाकी_स्वप्न
बाई, पेपर तुम्ही काढत नाही. पेपरात गवळीच येणार, मला तोच सोडवावा लागणार. नफा आधी काढून मग क्रॉस, एवढं वहीत लिहून घेतलं. ते २:१७ वालं सराव पेपरात माझं खरंच चुकलं होतं. पण परीक्षेत क आणि ख मांडणार नाही, हे आत्ताच सांगतो.

बार्शीकर
मांडू नकोस. मधला आकडा दोन्हींच्या मधे बसतो का, एवढं बघ आणि मगच वजाबाकी कर. त्याला दोन सेकंद लागतात, ५४ मधून जातील.

गोठा_आणि_पुस्तक
बाई, ते म्हैस-गाईचं गणित पूर्ण सोडवून इथे टाका. धाकट्या बहिणीला पाठवतो, ती तलाठी भरतीची तयारी करतेय.