'इथे राजकारण नको' हा नियम ठेवायचा की काढायचा?

नाइलाजाने अ‍ॅडमिन

आमच्या रहिवासी संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. निवडून वगैरे आलेलो नाही. आधीचे अ‍ॅडमिन वैतागून बाहेर पडले तेव्हा नेमका मी ऑनलाइन दिसलो, झालं. ग्रुपच्या माहितीत पहिलीच ओळ आहे, 'राजकीय पोस्ट सक्त मनाई'. ती मी लिहिलेली नाही, पण राबवावी मलाच लागते.

मध्यंतरी समोरचा रस्ता एकेरी करण्याचा मसुदा जाहीर झाला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. एका सदस्येने तो ग्रुपवर टाकला. सुरुवातीची चर्चा इतकी कामाची होती की मी ती जपून ठेवली आहे: शाळेची बस कुठे वळणार, रुग्णवाहिकेला किती वळसा पडेल, चाकांच्या खुर्चीला पदपथावर चढायला उतार आहे का. मग एकाने लिहिलं की हे सगळं अमक्या पक्षाच्या तमक्याच्या भूखंडासाठी चाललंय. त्यावर दुसऱ्याने कुठला तरी जुना व्हिडिओ टाकला. तिसरा म्हणाला, 'तुमच्यासारख्यांमुळेच ही वेळ आली.' रात्री शेवटी नियमावर बोट ठेवून 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' हे बटण दाबलं. सकाळी ग्रुप शांत, आणि रस्त्याचा विषयही त्याच्याबरोबर बंद. मुदत संपेपर्यंत संघाकडून एक ओळ लेखी गेली नाही.

आता दोन तट पडलेत. रस्ता, पाणी, कर हे राजकारण नाही तर काय आहे, असं एक बाजू विचारते आणि मला ते पटतं. नियम काढला तर महिन्याभरात निम्मे लोक ग्रुप सोडतील, असं दुसरी बाजू म्हणते. दुर्दैवाने तेही पटतं. जाणकारांनी सांगावं, दोष माणसांत आहे की या साधनात? 'समाजमाध्यमांनी लोकशाहीची वाट लावली' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते मला तोंडपाठ आहे.

खडूस काका

नियम ठेवा. वाद घालणारे पाच-सहाच असतात, बाकीचे नुसते बघे. त्या पाच जणांच्या हौसेपायी बाकीच्यांनी रोज फोन का रिकामा करत बसायचं?

तळटीप

काका, 'पाच-सहाच असतात' हे अगदी खरं. प्यू या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेतले ट्विटरवापरकर्ते तपासले, तेव्हा ८० टक्के ट्विट केवळ १० टक्के लोकांची निघाली. आपण 'लोक काय म्हणतायत' म्हणून जे वाचतो ते बऱ्याचदा एवढ्याच मंडळींचं असतं.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाबद्दल. माणसांचा वाटा आधी मान्य करू. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या बोर आणि पीटरसन यांनी २०२१ मध्ये दाखवलं की जी माणसं ऑनलाइन राजकारणावर अंगावर येतात, ती समोरासमोरही तशीच असतात. फोन हातात आला म्हणून गरीब गाय वाघ होत नाही. फरक इतकाच की समोरासमोरचं भांडण चार जण ऐकतात, ऑनलाइन ते सगळ्यांना दिसतं.

पण साधनही निष्पाप नाही. फेसबुकवर कुठली पोस्ट किती जणांपुढे न्यायची हे ठरवताना २०१७ पासून प्रत्येक इमोजीला, त्यात रागावलेला चेहराही आला, साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होतं. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं. रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर यायला २०२० उजाडावं लागलं. आणखी एक: अमेरिकेतली माध्यमं आणि खासदार यांच्या २७ लाखांहून जास्त पोस्ट तपासणारा अभ्यास २०२१ मध्ये आला. विरोधी गटाचा उल्लेख करणारा एकेक जादा शब्द पोस्ट शेअर होण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढवत होता. तुमच्या ग्रुपात रुग्णवाहिकेच्या मेसेजला काय मिळालं आणि 'तुमच्यासारख्यांमुळेच'ला काय मिळालं, बघा जरा.

नाइलाजाने अ‍ॅडमिन

बघितलं. रुग्णवाहिकेला तीन अंगठे, उत्तर एकही नाही. दुसऱ्याचं विचारू नका.

पण तळटीपताई, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात कुठलं आलंय असलं वजनकाट्याचं गणित? मेसेज आले त्या क्रमाने दिसतात. इमोजीला पाचपट की दसपट, आम्हाला काय त्याचं?

तळटीप

बरोबर धरलंत. क्रमाने दाखवलं की सगळं सुधारतं असं नाहीच. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) सहकार्याने काही लोकांना तीन महिने फेसबुक-इन्स्टाग्राम निव्वळ वेळेच्या क्रमाने दाखवलं. ('सायन्स'मध्ये २०२३ साली छापून आलं.) लोकांच्या ध्रुवीकरणात फरक पडला नाही. शिव्यागाळी जरा कमी दिसली, पण राजकीय आणि बेभरवशाच्या ठिकाणचा मजकूर उलट वाढला.

व्हॉट्सअ‍ॅपचा जोर ढकलपत्रांत आहे. २०१९ मध्ये त्यांनी जगभर एका वेळी फॉरवर्ड करण्याची मर्यादा २० वरून ५ वर आणली. एप्रिल २०२० मध्ये बरंच फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीचंच म्हणणं आहे. कुणाचं तोंड बंद केलं नाही, पुढे ढकलणं तेवढं जरा कंटाळवाणं केलं. तुमच्याकडे आलेल्या जुन्या व्हिडिओवर दुहेरी बाण, म्हणजे बरंच फिरून आल्याची खूण, होता का?

उलटतपासणी

व्हिडिओवर दुहेरी बाण असणार, पैज लावतो.

मात्र 'सोशल मीडिया बंद केला की माणसं शहाणी होतात' या दिशेने धागा जाऊ नये म्हणून लिहितो. २०१८ च्या निवडणुकीआधी अमेरिकेत काही जणांना चार आठवडे फेसबुक सोडायला लावलं. ते जरा आनंदी झाले, मतं जरा मवाळ झाली, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. असाच, पण आठवडाभराचा प्रयोग २०१९ मध्ये बोस्नियात झाला, स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडाच्या (१९९५ मध्ये सर्ब फौजांनी बोस्नियाक मुस्लिमांचं केलेलं) स्मरणदिनाच्या सुमारास. तिथे उलटं निघालं. फेसबुक सोडलेल्यांचं दुसऱ्या वंशाच्या लोकांबद्दलचं मत आणखी वाईट झालं, विशेषतः ज्यांच्या आसपास फक्त आपलीच माणसं राहतात त्यांचं. पलीकडचा माणूस त्यांना भेटत होता तो बहुधा फेसबुकवरच.

आणि नेपाळ आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली. भ्रष्टाचारावर आधीच चिडलेली तरुण पोरं रस्त्यावर आली, गोळीबारात माणसं गेली, पंतप्रधान ओलींना पायउतार व्हावं लागलं. मग डिस्कॉर्डवर, जे मुळात गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांचं ठिकाण, हजारोंनी चर्चा करून, मतं टाकून माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आणलं. १२ सप्टेंबरला त्यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. थरारून जावं असंच आहे. तरी एक गोष्ट मला खुपते. त्या खोलीत कोण कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मतदारयादी नाही, वयाची अट नाही, परदेशात बसलेला कुणीही बटण दाबू शकत होता.

पायवाट

अ‍ॅडमिनसाहेब, मला तुमच्या गोष्टीत भांडण फार महत्त्वाचं वाटलं नाही. मुदतीत कागद गेला नाही, ते लागलं. लोक भांडले नसते तरी तो गेला असता का? त्या चांगल्या सूचना कुणी, कधी, कुणाला लिहून द्यायच्या हे ठरलेलं होतं का? ग्रुपात बोलणं सुरू करायची सोय असते, संपवायची नसते.

तैवानने २०१५ मध्ये उबरचे नियम ठरवताना 'व्हीतैवान' या लोकचर्चेच्या व्यासपीठावर एक वेगळा प्रकार केला. 'पोलिस' नावाची एक संगणकप्रणाली आहे (खाकीवाले नव्हेत). त्यात एक वाक्य लिहायचं आणि दुसऱ्यांच्या वाक्यांवर 'सहमत', 'असहमत' किंवा 'पुढे' एवढंच सांगायचं. उत्तर द्यायला जागाच नाही! त्यामुळे कुणाच्या अंगावर जाता येत नाही; फार तर स्वतःचं आणखी नीट वाक्य लिहिता येतं. टॅक्सीवाले आणि उबरवाले असे गट सरळ वेगळे दिसत होते, तरी प्रवाशांचा विमा, चालकाचा व्यावसायिक परवाना अशा मुद्द्यांवर दोघांचं जुळतंय हेही दिसलं, आणि सरकारने नियम करताना त्यातलं बरंच घेतलं. हुरळून जाऊ नका. निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हते, आणि पुढे व्हीतैवानचा वापर रोडावला.

तुम्हाला प्रणालीची गरज नाही, साधा ऑनलाइन फॉर्म पुरे. नियमातला 'राजकीय' शब्द काढा आणि लिहा: पक्ष, उमेदवार, नेते यांचा प्रचार किंवा निंदा इथे नको, सार्वजनिक कामाचा मसुदा आला तर सूचना फॉर्मवर. फॉर्म मुदतीच्या आठवडाभर आधी बंद, बहुतेकांना मान्य असलेल्या सूचना चिटणीसांनी पत्रात घालायच्या, पोच घेऊन ती ग्रुपवर टाकायची. मतभेद राहिले तर तेही पत्रात लिहा, अधिकाऱ्यांना कळू दे.

नाइलाजाने अ‍ॅडमिन

व्हिडिओ पुन्हा उघडला. दुहेरी बाण आहे. उलटतपासणी पैज जिंकले.

पायवाट, हे जमण्यासारखं आहे. कचरा संकलनाच्या नव्या वेळांचा मसुदा येतोय, त्यावर करून बघू. चिटणीस पत्र लिहायला तयार आहेत, वाक्यं मी निवडायची नाहीत या अटीवर. (माझ्यावर विश्वास कमी आहे, असू दे.) पण उलटतपासणींनी नेपाळचं लिहिलं ते डोक्यातून जात नाहीये. आमच्या संघाच्या घटनेत भाडेकरू सदस्यच नाहीत. ग्रुपात मात्र आहेत, आणि कचरा त्यांच्याही दारातून उचलला जातो. फॉर्म त्यांना पाठवायचा का? पाठवला तर घरमालक म्हणणार, यांना कुणी विचारलं. नाही पाठवला तर निम्म्या इमारतीचं मत आलंच नाही.

खडूस काका

भाडेकरूंना पाठवा. मी मालक आहे आणि आजवर एकाही मसुद्यावर सूचना दिलेली नाही. माझ्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी दर वेळी लेखी देऊन येते. तिला वगळून माझं मत घेणार असाल तर तुमचा फॉर्म कोराच येईल.